इंजिनाचा ठोका मोजणारा शास्त्रज्ञ : सर हॅरी रिकार्डो

टर्बोचार्जर बसवलेल्या स्पोर्ट्स कारमधून अधिक शक्ती काढण्यासाठी आज स्वतंत्र संगणक मिळतात. परंतु इंजिनाला कुठवर ताणायचे, ही सीमा मोजण्याचे शास्त्र शंभर वर्षांपूर्वी एका ब्रिटिश अभियंत्याने उभे केले. रणगाड्यापासून लढाऊ विमानापर्यंत आणि लंडनच्या बसपासून शर्यतीच्या मोटारीपर्यंत ज्यांच्या कामाचा ठसा उमटला, त्या सर हॅरी रिकार्डो यांच्या जीवनकार्याचा हा परिचय.

निसान स्कायलाइन जीटी-आर, टोयोटा सुप्रा, सुबारू इम्प्रेझा, मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन ही नावे वेगाच्या शौकिनांना परिचित आहेत. या जपानी मोटारींच्या टर्बोचार्ज्ड इंजिनांनी १९९०च्या दशकात एका नव्या व्यवसायाला बळ दिले. कंपनीने बसवलेले इंजिन नियंत्रण युनिट काढून त्याजागी दुसऱ्या उत्पादकाचा संगणक बसवायचा, त्यातील इंधनाचे आणि ठिणगीचे तक्ते नव्याने भरायचे आणि त्याच इंजिनातून कितीतरी अधिक अश्वशक्ती मिळवायची, असा हा व्यवसाय. ऑस्ट्रेलियातील हॅलटेक व मोटेक, जपानमधील एपेक्सी अशा कंपन्यांची त्यात ख्याती झाली.

हे काम करणारा तंत्रज्ञ मोटार डायनोच्या रोलरवर चढवतो, लॅपटॉप जोडतो आणि प्रत्येक वेगाला व प्रत्येक दाबाला आकडे बदलत जातो. टर्बोचा दाब थोडा वाढवला की शक्ती वाढते. ठिणगी एखादा अंश आधी पाडली की आणखी वाढते. मात्र हे सारे करताना त्याचे लक्ष एका आवाजाकडे असते. सिलिंडरच्या आत धातूवर हातोडी मारल्यासारखा तो आवाज. आपल्याकडचे गॅरेजवाले त्याला नॉकिंग किंवा पिंकिंग म्हणतात. हा ठोका पडू लागला की पुढे जाता येत नाही. दुर्लक्ष केले तर पिस्टनला भोक पडते, रिंगा तुटतात आणि महागडे इंजिन काही क्षणांत निकामी होते.

हा ठोका नेमका कशाने पडतो, तो टाळायचा कसा आणि त्याचे मोजमाप करायचे कसे, या प्रश्नांमागे हॅरी रिकार्डो यांनी आयुष्यातली उमेदीची वर्षे घालवली. त्यांच्या हयातीत मोटारीच्या बॉनेटखाली संगणक नुकतेच येऊ लागले होते. तरीही त्या संगणकांना जे गणित सोडवावे लागते, ते प्रथम नीट मांडणाऱ्यांमध्ये रिकार्डो यांचे नाव अग्रभागी आहे.

भारताशी नाते सांगणारे घराणे

हॅरी राल्फ रिकार्डो यांचा जन्म २६ जानेवारी १८८५ रोजी लंडनमधील बेडफर्ड स्क्वेअर येथे झाला. प्रख्यात अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो यांच्या भावाच्या वंशातले हे कुटुंब. वडील हॅल्सी रिकार्डो नामवंत वास्तुविशारद होते. कोलकात्याला रेल्वेने जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशाच्या नजरेत भरणारी हावडा स्थानकाची लाल विटांची भव्य इमारत ही त्यांच्याच आराखड्यातून साकार झाली.

आईच्या बाजूचा वारसा स्थापत्य अभियांत्रिकीचा होता. आजोबा सर अलेक्झांडर रेंडेल हे भारतातील रेल्वे कंपन्यांचे सल्लागार अभियंता होते. सिंधू नदीवर सक्कर येथे १८८९ साली खुला झालेला लॅन्सडाउन पूल हे त्यांचे गाजलेले काम. सिंध प्रांत त्या काळी मुंबई इलाख्याचाच भाग होता. अशा घरात कागदावरची रेघ आणि प्रत्यक्षातले लोखंड यांचा संबंध लहानपणीच कळावा, यात नवल नाही.

हॅरी दहा वर्षांचे असल्यापासूनच हत्यारे हाताळू लागले आणि छोटी इंजिने बनवू लागले. १८९८ साली आजोबांनी मोटारगाडी खरेदी केली. इंग्लंडमध्ये मोटार पाहिलेली माणसे तेव्हा विरळच होती. रग्बी येथील प्रसिद्ध शाळेतील शिक्षण संपवून हॅरी १९०३ साली केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात स्थापत्य अभियांत्रिकीसाठी दाखल झाले. घराण्याच्या रीतीप्रमाणे पूल आणि गोद्या बांधायच्या, असाच तेव्हा साऱ्यांचा समज होता.

पुढच्याच वर्षी विद्यापीठाच्या मोटार क्लबने एक स्पर्धा ठेवली. पाव गॅलन, म्हणजे सव्वा लिटरहूनही थोड्या कमी पेट्रोलवर कोणाचे यंत्र सर्वांत दूर जाते, अशी ती पैज होती. रिकार्डो यांनी स्वतः घडवलेल्या इंजिनाची मोटारसायकल उतरवली. इंजिन बोजड होते, तरी त्यांनी सुमारे ४० मैलांचे अंतर कापून स्पर्धा जिंकली. हा विजय प्राध्यापक बर्ट्रम हॉपकिन्सन यांच्या नजरेत भरला. अंतर्ज्वलन इंजिनाच्या आत काय घडते याचा शास्त्रशुद्ध शोध घेणाऱ्या मोजक्या लोकांपैकी ते एक होते. त्यांनी या विद्यार्थ्याला आपल्या संशोधनात ओढले. १९०६ साली पदवी मिळाल्यानंतरही रिकार्डो वर्षभर केंब्रिजमध्येच प्रयोग करीत राहिले.

त्यानंतर आजोबांच्या सल्लागार संस्थेत त्यांनी नोकरी धरली खरी, पण मन इंजिनातच होते. त्यांच्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या कल्पनेवरून चुलत भावाने शोरहॅम येथे डॉल्फिन नावाच्या मोटारी बनवण्याचा उद्योग काढला. मोटारी महाग पडल्या आणि थोड्याच विकल्या गेल्या. तेच इंजिन मच्छीमारांच्या होड्यांमध्ये मात्र चांगले चालले. १९११ साली हॅरी यांचा विवाह बिअॅट्रिस हेल यांच्याशी झाला. त्या स्लेड या कलाशाळेच्या विद्यार्थिनी होत्या. या दांपत्याला तीन मुली झाल्या.

धूर सोडणारा रणगाडा

पहिल्या महायुद्धाने रिकार्डो यांच्या आयुष्याला निर्णायक वळण दिले. १९१६ साली ब्रिटिशांनी रणांगणावर प्रथमच रणगाडे उतरवले. त्यांत १०५ अश्वशक्तीचे डेमलर इंजिन होते. ते इंजिन निळसर धुराचे लोट सोडी आणि त्यामुळे शत्रूला रणगाड्याचा ठावठिकाणा सहज कळे. धूर कमी करण्याचा उपाय शोधण्यासाठी रिकार्डो यांना पाचारण करण्यात आले. डागडुजीने भागणार नाही, नवे इंजिनच हवे, असे मत त्यांनी दिले. असे इंजिन बनवण्याची क्षमता असलेले कारखाने होते, पण त्याचा आराखडा करणारे कोणी नव्हते. तेव्हा वयाच्या तिशीत असलेल्या या अभियंत्यानेच ती जबाबदारी स्वीकारली.

अटी कठीण होत्या. हलके अॅल्युमिनियम व उच्च प्रतीचे पोलाद विमानांसाठी राखून ठेवलेले. चांगले पेट्रोलही विमानांनाच. रणगाड्याच्या वाट्याला येणारे इंधन हलक्या प्रतीचे. रिकार्डो यांनी सहा सिलिंडरचे, १५० अश्वशक्तीचे इंजिन सिद्ध केले. पिस्टनची रचना अशी केली की वंगणाचे तेल ज्वलनकक्षात शिरून जळू नये. धुराचा प्रश्न सुटला आणि शक्तीही वाढली. एप्रिल १९१७ पर्यंत आठवड्याला शंभर इंजिने तयार होऊ लागली आणि एकूण संख्या आठ हजारांच्या पुढे गेली. काही शे इंजिने तर फ्रान्समधील लष्करी कार्यशाळा, छावण्या आणि रुग्णालये यांना वीज पुरवण्यासाठी वापरली गेली.

या कामाने एक प्रश्न त्यांच्या मनात ठाण मांडून बसला. इंजिनातील मिश्रण अधिक दाबले तर तेवढ्याच पेट्रोलातून अधिक काम मिळते, हे शास्त्र ठाऊक होते. मग दाब वाढवताच ठोका का पडू लागतो? आणि एका पेट्रोलवर गुपचूप चालणारे इंजिन दुसऱ्या पेट्रोलवर का खडखडते?

जंगलात जाळले जाणारे मौल्यवान इंधन

त्या काळी ठोक्याचा दोष इंजिनाला दिला जाई. सिलिंडरमधील एखादा तापलेला भाग, लालबुंद झालेला काजळीचा कण ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतो आणि म्हणून आवाज होतो, असे बहुतेकांचे मत होते. रिकार्डो यांनी प्रयोगांती दाखवले की अकाली पेट घेणे आणि ठोका पडणे या दोन वेगळ्या घटना आहेत. ठोका पडतो तो ठिणगी पडल्यानंतर. ठिणगीपासून निघालेली ज्योत पसरत असताना ती पुढच्या, अजून न जळलेल्या मिश्रणाला कोपऱ्यात दाबत जाते. त्या मिश्रणाचे तापमान झपाट्याने चढते. ज्योत तिथे पोहोचण्याआधीच ते सारे मिश्रण एकदम, आपोआप पेटले तर दाबाची तीव्र लाट उठते आणि सिलिंडरच्या भिंतीवर आदळते. तोच तो हातोडीचा आवाज. म्हणजे शर्यत आहे ती ज्योत आणि कोपऱ्यातले मिश्रण यांच्यात. मिश्रणाने किती वेळ धीर धरावा, हे मुख्यतः इंधनाच्या रासायनिक घडणीवर ठरते.

युद्धकाळातच शेल तेल समूहाशी त्यांचा संबंध आला. समूहातील वरिष्ठ अधिकारी रॉबर्ट वेली कोहेन यांनी वेगवेगळ्या देशांतील पेट्रोलचे नमुने तपासणीसाठी पाठवले. त्यांतला एक नमुना इतरांपेक्षा कितीतरी सरस ठरला. त्यावर इंजिन अधिक दाबावरही बिनबोभाट चाले. तो बोर्निओ बेटावरच्या तेलाचा होता. चौकशी केली तेव्हा कळले, की पेट्रोलची प्रत त्या काळी विशिष्ट गुरुत्वावरून ठरत असे. बोर्निओचे पेट्रोल जड भरे, म्हणून त्याला बाजार नव्हता आणि मोठ्या प्रमाणावर ते तिथल्या जंगलातच जाळून टाकले जात होते. बेंझीन, टोल्युईन अशा सुगंधी वर्गातील घटकांमुळे ते जड होते आणि नेमक्या त्याच घटकांमुळे ते ठोक्याला दाद देत नव्हते. पेट्रोल जोखण्याची मोजपट्टीच चुकीची होती, हे या एका प्रयोगाने सिद्ध झाले.

दरम्यान, हॉपकिन्सन यांनी आपल्या या शिष्याला लष्करी विमानांच्या इंजिन संशोधनासाठी बोलावून घेतले होते. ऑगस्ट १९१८ मध्ये स्वतः विमान चालवत असताना झालेल्या अपघातात हॉपकिन्सन यांचा मृत्यू झाला. त्यांच्या जागेची जबाबदारी रिकार्डो यांच्यावर आली. गुरूच्या जाण्याचा घाव सोसूनच त्यांना पुढची वाटचाल करावी लागली.

ठोक्याला मिळाला आकडा

युद्ध संपल्यावर रणगाड्याच्या इंजिनाच्या मानधनातून रिकार्डो यांनी ससेक्समधील शोरहॅम येथे जागा घेतली आणि १९१९ साली तिथे प्रयोगशाळा सुरू केली. इंजिनांचा कारखाना काढून धनाढ्य होण्याचा मार्ग त्यांनी घेतला नाही. संशोधन करायचे, आराखडे व पेटंटचे परवाने द्यायचे आणि उत्पादन इतरांवर सोपवायचे, हे धोरण त्यांनी कायम ठेवले.

शेलच्या साहाय्याने चाललेल्या इंधन संशोधनात हेन्री टिझर्ड आणि डेव्हिड पाय हे दोन वैज्ञानिक त्यांना येऊन मिळाले. या कामासाठी रिकार्डो यांनी ई-३५ नावाचे एका सिलिंडरचे इंजिन तयार केले. इंजिन चालू असतानाच सिलिंडर वर-खाली सरकवून संपीडन गुणोत्तर बदलता येई, हे त्याचे वैशिष्ट्य. इंधन बदलायचे, दाब हळूहळू वाढवायचा आणि ठोका ऐकू येऊ लागताच आकडा टिपायचा. त्या इंधनावर वापरता येण्याजोगे सर्वोच्च संपीडन किती, हे अशा रीतीने प्रथमच नेमकेपणाने सांगता येऊ लागले.

प्रत्येक इंधनाची टोल्युईनशी तुलना करून त्याला टोल्युईन अंक देण्याची पद्धत यातूनच निघाली. १९२०च्या दशकात पुढे अमेरिकेत आयसो-ऑक्टेन आणि हेप्टेन यांच्या मिश्रणावर आधारित ऑक्टेन अंक आला आणि तोच जगभर रूढ झाला. पेट्रोल पंपावर आज ९१, ९५ किंवा १०० असे जे आकडे दिसतात, त्यांच्या मुळाशी शोरहॅमच्या त्या खोलीतले मोजमाप आहे. डिसेंबर २०२० मध्ये इंडियन ऑइलने मुंबई आणि पुण्यासह दहा शहरांत १०० ऑक्टेनचे पेट्रोल आणले, तेव्हा त्याचे पहिले ग्राहक महागड्या मोटारी व मोटारसायकलींचे मालक ठरावेत, हे ओघानेच आले. अधिक दाब सोसणारे इंजिन असेल तरच त्या आकड्याचा लाभ होतो.

अल्कोहोल ठोक्याला उत्तम विरोध करते आणि बाष्पीभवन होताना मिश्रण थंडही करते, हेही रिकार्डो यांच्या प्रयोगांत स्पष्ट झाले होते. टर्बो मोटारी ट्यून करणारे आज इथेनॉलबहुल इंधनासाठी वेगळे तक्ते भरतात आणि दाब वाढवतात, ते याच गुणामुळे. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांतून निघणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते, त्या मिश्रणाचा ऑक्टेन अंक वाढतो, त्यामागेही हेच कारण आहे. अल्कोहोलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा कमी असल्याने ते अधिक लागते, ही त्याची दुसरी बाजू.

ठोक्यावर दुसरा उपाय अमेरिकेत निघाला. थॉमस मिजली यांनी १९२१ साली पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळून ठोका थांबवला. तो उपाय स्वस्त होता, म्हणून जगभर पसरला. त्याची किंमत मात्र पुढील पिढ्यांनी फुप्फुसांतून आणि रक्तातून मोजली. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. मोटारींसाठीची त्याची विक्री जगातून पूर्णपणे थांबायला २०२१ साल उजाडले. रिकार्डो यांना आवडलेले बेंझीनही निर्धोक नव्हते. ते कर्करोगाला कारण ठरते, हे पुढे सिद्ध झाले. इंजिनाला मानवेल ते माणसाला मानवेलच असे नाही, हा धडा या इतिहासात आहे.

ज्योतीची वाट आखणारा अभियंता

इंधन सुधारणे हातात नसेल, तर ज्वलनकक्षाचा आकार बदलून काय साधेल, याचाही विचार रिकार्डो यांनी केला. मिश्रणात जितकी खळबळ अधिक, तितकी ज्योत वेगाने पसरते. कक्ष जितका आटोपशीर, तितका ज्योतीचा प्रवास कमी. दोन्हींमुळे कोपऱ्यातल्या मिश्रणाला आपोआप पेटायला अवधी मिळत नाही. या तत्त्वावर त्यांनी साध्या साइड-व्हॉल्व्ह इंजिनासाठी नव्या धाटणीचे सिलिंडर हेड तयार केले. त्यामुळे स्वस्त मोटारींची शक्ती वाढली आणि पेट्रोलचीही बचत झाली.

वेगाच्या शौकिनांनाही त्यांनी निराश केले नाही. ट्रायम्फ कंपनीसाठी त्यांनी आखलेली चार व्हॉल्व्हची मोटारसायकल रिकार्डो याच नावाने ओळखली जाऊ लागली आणि १९२२ साली आयल ऑफ मॅनच्या सीनियर टीटी शर्यतीत तिने दुसरा क्रमांक मिळवला. त्याच वर्षी व्हॉक्सहॉलसाठी त्यांनी तीन लिटरचे शर्यतीचे इंजिनही घडवले. १९२२ आणि १९२३ मध्ये त्यांचा अंतर्ज्वलन इंजिनांवरील ग्रंथ दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्याच्या सुधारित आवृत्त्यांवर अभियंत्यांच्या कित्येक पिढ्या शिकल्या. १९२९ साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १९३०च्या दशकात त्यांच्या कॉमेट या ज्वलनकक्षामुळे वेगाने फिरणारी छोटी डिझेल इंजिने व्यवहार्य झाली आणि लंडनच्या बसगाड्या डिझेलवर धावू लागल्या.

स्वतःच्याच सिद्धांतापुढे हार

रिकार्डो यांच्या आयुष्यातला सर्वांत विचार करायला लावणारा अध्याय मात्र स्लीव्ह व्हॉल्व्हचा आहे. नेहमीच्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून लाल होतो आणि त्याच्या सान्निध्यातील मिश्रण ठोका देण्यास उत्सुक होते. तो व्हॉल्व्हच नसेल तर? पिस्टनभोवती सरकणारी नळी ठेवायची, तिच्या खिडक्यांतून मिश्रण आत घ्यायचे व धूर बाहेर सोडायचा, अशी ही रचना. मूळ शोध इतरांचा होता, पण विमानाच्या इंजिनासाठी तिची उपयुक्तता रिकार्डो यांनी १९२०च्या दशकातील प्रयोगांनी पटवून दिली. त्याच प्रतीच्या पेट्रोलवर अशा इंजिनाला अधिक संपीडन सोसत असे.

ब्रिस्टल कंपनीचे रॉय फेडन यांनी हा मार्ग नेटाने चालवला. ब्रिस्टल हर्क्युलिस या इंजिनाची ५७ हजारांहून अधिक नगे तयार झाली. रिकार्डो यांच्यासोबत पूर्वी काम केलेले फ्रँक हॅल्फर्ड यांनी नेपियर सेबर हे अतिशय शक्तिशाली स्लीव्ह व्हॉल्व्ह इंजिन आखले. दुसऱ्या महायुद्धात या इंजिनांनी मोठी कामगिरी बजावली.

पण याच युद्धाने दुसरीही गोष्ट दाखवून दिली. १९४० साली ब्रिटनच्या लढाऊ विमानांना १०० ऑक्टेनचे पेट्रोल मिळू लागले. स्पिटफायर आणि हरिकेन विमानांतील रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनाला नेहमीचेच व्हॉल्व्ह होते. नव्या पेट्रोलवर त्याच्या सुपरचार्जरचा दाब प्रति चौरस इंच सव्वासहा पौंडांवरून १२ पौंडांपर्यंत चढवता आला. पाठीवर शत्रू असताना वैमानिकाला मिळालेली ही वाढीव शक्ती म्हणजे जगणे आणि मरणे यांतले अंतर होते. आजचा ट्यूनर उत्तम इंधन भरून टर्बोचा दाब वाढवतो, तेव्हा तो ब्रिटनच्या आकाशातील लढाईत झालेलेच काम करीत असतो.

इंधन सुधारले, आतून थंड होणारे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आले आणि स्लीव्ह व्हॉल्व्हचे मुख्य प्रयोजन उरले नाही. पुढे जेट इंजिनाने तर पिस्टनच्या लढाऊ विमानांचाच काळ संपवला. सीमा इंधन ठरवते, हे रिकार्डो यांनी वीस वर्षांपूर्वी सिद्ध केले होते. त्यांनी आणि त्यांच्या अनुयायांनी ज्या यंत्ररचनेवर एवढे श्रम घेतले, तिला अखेर त्याच सिद्धांताने मागे सारले. शास्त्रज्ञ म्हणून हा त्यांचा विजय होता आणि यंत्ररचनाकार म्हणून पराभव.

तरफांकडून संगणकाकडे

दाब, इंधन आणि ठिणगी यांचा मेळ क्षणोक्षणी कोणी घालायचा, हा प्रश्न त्या युद्धातच ऐरणीवर आला. वैमानिकाने लढता लढता अनेक तरफा सांभाळणे अवघड होते. जर्मनांनी बीएमडब्ल्यू ८०१ या इंजिनाला तेलाच्या दाबावर व यांत्रिक जोडण्यांवर चालणारे एक नियंत्रक यंत्र बसवले. वैमानिकाने एकच तरफ हलवायची, बाकीचा हिशेब यंत्राने करायचा. सुपरचार्जरच्या इंजिनाचा तो जणू लोखंडी मेंदूच होता.

रस्त्यावरच्या मोटारींत हे काम इलेक्ट्रॉनिक्सने हाती घेतले. १९६७ साली बॉशची इलेक्ट्रॉनिक इंधन फवारणी फोक्सवॅगनमध्ये आली. १९७९ साली त्याच कंपनीच्या मोट्रॉनिक प्रणालीने इंधन आणि ठिणगी एकाच संगणकाकडे सोपवली. स्वीडनच्या साबने १९८२ साली आणलेल्या प्रणालीत इंजिनाच्या ठोकळ्यावर ठोका ऐकणारा सेन्सर होता. ठोका जाणवताच ती टर्बोचा दाब आपोआप उतरवत असे. शोरहॅममध्ये कान देऊन ऐकला जाणारा आवाज आता स्फटिकाचा एक तुकडा ऐकू लागला.

मोटार कंपनी आपल्या संगणकात मुद्दाम सैल जागा ठेवते. ग्राहक हलके पेट्रोल भरेल, कडक उन्हात घाट चढेल, फिल्टर बदलायला विसरेल, हे तिला गृहीत धरावे लागते. बाजारात मिळणारा स्वतंत्र संगणक त्या सैल जागेतूनच शक्ती काढतो. जाणकार ट्यूनर इंजिन, इंधन, हवेचे तापमान पाहून सीमेच्या थोडे अलीकडे थांबतो. अर्धवट माहितीवर दुसऱ्याच्या मोटारीचे तक्ते जसेच्या तसे उतरवून घेणारा मात्र इंजिन गमावून बसतो. संगणकाने आकडे बदलणे सोपे केले, पण सीमा पुसली नाही.

कृतार्थ वार्धक्य

१९४४ साली रिकार्डो यांना रॉयल सोसायटीचे रमफोर्ड पदक मिळाले आणि त्याच वर्षी ते ब्रिटनच्या मेकॅनिकल इंजिनीअर्सच्या संस्थेचे अध्यक्ष झाले. १९४८ साली त्यांना सर हा किताब देण्यात आला. १९५३ साली जेम्स वॅट आंतरराष्ट्रीय पदकाने त्यांचा गौरव झाला. १९६४ साली त्यांनी संस्थेच्या कारभारातून निवृत्ती घेतली. चार वर्षांनी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. पडल्यामुळे झालेल्या दुखापतीनंतर काही आठवड्यांनी, १८ मे १९७४ रोजी वयाच्या ८९व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षाच्या शरद ऋतूत पॅरिसच्या प्रदर्शनात पोर्शने ९११ टर्बो सादर केली आणि टर्बोचार्जर स्पोर्ट्स कारच्या शौकिनांच्या तोंडी झाला. तो काळ त्यांना पाहता आला नाही.

त्यांच्या नावाची संस्था मात्र शोरहॅममध्ये काम करीत राहिली. २०११ साली बाजारात आलेल्या मॅक्लारेन एमपी४-१२सी या स्पोर्ट्स कारचे ३.८ लिटरचे, दोन टर्बोचार्जरचे, आठ सिलिंडरचे इंजिन तिथेच जुळवले गेले. सुमारे सहाशे अश्वशक्तीचे ते इंजिन. ९४ वर्षांपूर्वी रणगाड्यासाठी केलेल्या, आकाराने कितीतरी मोठ्या इंजिनाची शक्ती होती १५०. या दोन आकड्यांमधील अंतरात धातुशास्त्र आहे, टर्बोचार्जर आहे आणि संगणकही आहे. पण त्या साऱ्यांना उपयोगी पडावे एवढे चांगले पेट्रोल आधी हवे होते, आणि चांगले म्हणजे काय हे कोणीतरी मोजून सांगायला हवे होते. बोर्निओच्या जंगलात जळणाऱ्या इंधनाचे मोल ओळखणाऱ्या सर हॅरी रिकार्डो यांनी ते सांगितले. टर्बो मोटारीच्या तक्त्यात ठिणगीचा एक अंश मागे घेणारा प्रत्येक तंत्रज्ञ आजही त्यांच्याच मोजमापावर विसंबून असतो.